पृथ्वीचा सातबारा

संत्र्याचे बागाईतदार, व्यायामशाळेचे पहिलवान, जुन्या नाण्यांचे शौकीन अमरावतीत हवे तेवढे सापडतील. नकाशेवाला मात्र विरळा. आमचे भाऊसाहेब त्यातले. जन्म मोजणी खात्यात गेला. निवृत्तीनंतर लोक देवाधर्माला लागतात, हे सोळाव्या शतकाला लागले.

बैठकीत ऑर्टेलियसचा 1570 चा जगाचा नकाशा टांगलेला. प्रत नवी छापलेली; अस्सल घ्यायचा तर वावर विकावं लागेल, आणि वावर वहिनींच्या नावावर आहे. नकाशाच्या तळाशी कोणीही न पाहिलेला एक अवाढव्य दक्षिण खंड पसरलाय. पाहुण्यानं चहाचा घोट घेतला की भाऊसाहेब तिथं पट्टी टेकवतात. "पाहा राजेहो, केवढा पोटखराबा! नोंद हाये, पन मोक्यावर कोनी गेलंच नाई. आमच्या साहेबानं सस्पेंड केलं असतं." टॉलेमीच्या, 1482 त उल्मला छापलेल्या नकाशावर तर त्यांचा खास राग. भारताचं टोक चेपलेलं, श्रीलंका फुगलेली आणि हिंदी महासागराला चहूबाजूंनी जमीन. "समुद्राले धुरा घातला बावानं!"

'अमेरिका' हे नाव पहिल्यांदा आलं वाल्डझेम्युलरच्या 1507 च्या नकाशावर. त्याची उरलेली एकमेव प्रत अमेरिकेनं 2003 त 1 कोटी डॉलरला घेतली. "नावाच्या नोंदीचे त्यायनं एवढे मोजले. अन् आपल्याले सातबाऱ्याचे पंधरा रुपये जिवावर येतात."

अस्सल पान घरात एकच. न्यू जर्सीच्या पुतण्यानं आणलेलं, म्युन्स्टरच्या पुस्तकातून निखळलेलं. ते दोन बोटांनी कडेला धरून ट्यूबलाइटसमोर दाखवतात : मधली घडी, लाकडी ठशाच्या जाड रेघा, पाठीमागचा जर्मन मजकूर. त्यातलं एक अक्षर त्यांना लागत नाही, पण मजकूर कोणत्या भाषेत आहे यावरून आवृत्ती ओळखायची असते, एवढं ते तासभर सांगू शकतात. कागदाला ओल चालत नाही म्हणून त्या खोलीत कूलर बंद. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, सगळं घर गच्चीवर झोपतं. वहिनी म्हणतात, "सोयरे आले तं खोली नाई भेटत, या कागदाले भेटते."

दुखणं एकच. अमरावतीचं नाव त्यांना अजून एकाही नकाशात गवसलेलं नाही. आणि अकोल्याचे व्याही नेमके याच नादाचे! इंग्रज वकील थॉमस रोच्या माहितीवरून विल्यम बॅफिननं 1619 त मुघल मुलखाचा नकाशा काढला. रोच्या सोबतीचा पाद्री एडवर्ड टेरी यानं सुभ्यांची यादी दिली, तीत बेरारचं मुख्य शहर शाहपूर. म्हणजे बाळापूरजवळचं, शाहजादा मुरादनं वसवलेलं. जिल्हा अकोला! हे व्याह्यांनी भर पंगतीत, दुसऱ्यांदा वरण घेता घेता सांगितलं.

भाऊसाहेबांनी घास खाली ठेवला. "मुराद मेला 1599 त. तुमचा पाद्री आला 1616 त. सतरा वर्सं मयताच्या नावानं खातं चालू? फेरफार दाखवा!"

व्याही त्या दिवशी गप्प बसले. पण येत्या रविवारी मुरादचा वारस म्हणून जहांगीराचं नाव घेऊन ते बडनेऱ्याला उतरणार आहेत, असं ऐकतो.