आठ ते सहाच्या दरम्यान

जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या लेस्टरच्या घरातला बॉयलर बंद पडला. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. पुण्यात साधा कुकर बिघडला तरी शिट्टी उडते, सगळ्या वाड्याला कळतं. हा इंग्रज बॉयलर. गेला तोही कुणाला त्रास न देता. त्याच्या छोट्याशा पडद्यावर एक अक्षर आणि दोन आकडे तेवढे लुकलुकत राहिले.

अंगावर दोन स्वेटर चढवून मी कंपनीला फोन लावला. ‘तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे अकरा वेळा ऐकलं. मधल्या वेळात विवाल्डीचा वसंत ऋतू वाजत होता आणि खिडकीबाहेर पारा शून्याखाली होता. अखेर एका गोड आवाजाच्या मुलीने माझी माफी मागितली, मग आणखी एकदा मागितली आणि गुरुवार दिला.

“किती वाजता येईल माणूस?”

“सकाळी आठ ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान.”

ह्याला दरम्यान म्हणत नाहीत हो, ह्याला दिवस म्हणतात!

कुणी म्हणेल, एखादा हरहुन्नरी माणूस बोलवावा आणि काम उरकावं. पण गॅसच्या बॉयलरला इथे कुणीही हात लावायचा नसतो. ‘गॅस सेफ’च्या यादीत नाव असलेल्यानेच तो उघडायचा, असा कायदा आहे. कायदा चांगलाच आहे, स्फोटात मरण्यापेक्षा गारठून मरणं केव्हाही सभ्य. तर गुरुवारी रजा टाकून मी दाराशी खुर्ची मांडून बसलो. आंघोळीचा प्रश्न नव्हताच. पण वरच्या मजल्यावर जायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, कुणाशी फोनवर बोलायचं नाही, न जाणो, घंटा ऐकू आली नाही तर? एकादशीला निदान फराळाचं तरी चालतं, हे व्रत त्याहून कडक. पाच चाळीसला मोबाइल वाजला. निरोप होता: ‘आमचा तंत्रज्ञ येऊन गेला. आपण घरी नव्हता. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

मी दारापासून चार फुटांवर बसलो होतो. स्वतःचं नसणं इतक्या नम्र भाषेत मी पहिल्यांदाच वाचलं.

‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, ह्यांची संगत नको रे बाप्पा’ असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. कारागिराच्या ‘उद्या’वर विसंबणारा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे. शनिवार पेठेतल्या आमच्या प्लंबरचा ‘सकाळी येतो’ हा शब्द कुठल्या सकाळीबद्दल आहे हे त्यालाही ठाऊक नसायचं. पण वडील त्याच्या घरी जायचे. “वहिनी, आहेत का मालक?” “आत्ताच बाहेर पडले.” म्हणजे कोपऱ्यावरच्या टपरीवर. तिथून त्याला अर्ध्या चहावरून उठवायचं, स्कूटरवर मागे बसवायचं आणि घरी आणायचं. माफी वगैरे तो मागत नसे. उलट “काका, एवढ्याशा नळासाठी बोलावलंत होय?” असं आम्हालाच सुनवायचा. वडीलही दोन शब्द ऐकवायचे, मग आई पोहे करायची. तिकडे वेळ सापडत नसे, माणूस सापडायचा. इकडे वेळ लेखी मिळते, आणि माणूस?

माझी खरी अडचण ती आहे. भांडायला समोर कुणी लागतं. मी पेठेत वाढलेला, चार चांगली वाक्यं जिभेवर तयार असतात, पण इथे प्रत्येक जण आधीच शरण आलेला असतो. ‘सॉरी’ म्हणणाऱ्यावर वार कसा करायचा? फोनवरच्या मुलीने माझ्या प्रत्येक वाक्याला इतकी सहानुभूती दाखवली की शेवटी मीच तिला “काळजी करू नका” म्हणालो.

इंग्रजांना हे नवीन नाही. फ्लँडर्स आणि स्वॉन ह्या जोडीचं ‘द गॅस मॅन कमेथ’ हे विनोदी गाणं 1960च्या दशकातलं. त्यात सोमवारी गॅसवाला येऊन भिंतीकडेच्या फळ्या उखडतो, त्या बसवायला आलेला सुतार विजेच्या तारेतच खिळा मारतो, वीजवाल्याचा पाय खिडकीतून आरपार जातो, मग काचवाला, मग रंगारी. रंगारी जाताना गॅसच्या तोटीवर रंग देऊन जातो, ती काही फिरत नाही, आणि सोमवारी पुन्हा गॅसवाला! साठ वर्षं झाली तरी लोक हसतात. आपण असतो तर मोर्चा काढला असता. ह्यांच्या सरकारनेही एकदा गाऱ्हाणी ऐकायचं मनावर घेतलं होतं. 1992 साली, जॉन मेजर पंतप्रधान असताना, रस्त्यावर विनाकारण मांडून ठेवलेल्या त्या नारिंगी-पांढऱ्या शंकूंबद्दल तक्रार करायला खास दूरध्वनी क्रमांक निघाला. देशभर त्याची टिंगल झाली आणि 1995मध्ये तो बंद पडला. शंकू आहेत.

पार्सलवाल्यांची कथा वेगळी. ते येतात. येतात म्हणजे काय, तर दाराच्या फटीतून एक कार्ड आत पडतं: आम्ही येऊन गेलो, आपली भेट झाली नाही, क्षमस्व. खाली छापील चौकटी. शेजाऱ्याकडे दिलं, परत नेलं किंवा ‘सुरक्षित जागी’ ठेवलं. सुरक्षित जागा म्हणजे बहुतेकदा कचऱ्याचा डबा. आईने पुण्याहून गोडा मसाला, मेतकूट आणि स्वतः विणलेला मफलर पाठवला होता. मंगळवारी दुपारी फोनवर पुराव्याचा फोटो आला: डब्याचं झाकण उघडं, आत आमचं खोकं, त्यावर आईचं वळणदार अक्षर. फोटो सुरेख होता. मी तो पाहिला बुधवारी संध्याकाळी. त्या आठवड्यात सांगितल्या वेळी आलेलं एकच वाहन म्हणजे नगरपालिकेची कचरागाडी, आणि ती आली बुधवारी सकाळी सातला.

2015चा ग्राहक हक्क कायदा मी चवीने वाचला आहे. माल तुमच्या हातात पडेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची, कुरिअरच्या मागे धावू नका, विकणाऱ्याला धरा. उत्तम. पण आईला कुठल्या कलमाखाली धरायचं? “मिळालं का रे?” तिने विचारलं. मी म्हटलं, “मिळालं. मफलर मापात आहे.” मफलरला माप नसतं हे तिच्या लक्षात आलं असणार, ती काही बोलली नाही.

तेव्हाच ठरवलं, आता ह्या माणसाला गाठायचंच. पुढच्या पार्सलच्या दिवशी पडद्याआड दबा धरून बसलो. गाडी थांबली, मी दार उघडलं. समोर विशी-बाविशीचा पोरगा, थंडीतही घामाघूम, एका हातात स्कॅनर, दुसऱ्या हातात कार्ड, आधीच लिहिलेलं. दोन दिवस घोकलेली इंग्रजी वाक्यं मी जुळवत होतो, तेवढ्यात तो “सॉरी मेट” म्हणाला, कार्ड खिशात कोंबलं आणि खोकं माझ्या हातात ठेवलं. गाडीत छतापर्यंत खोकी होती. केन लोचने 2019मध्ये न्यूकॅसलच्या अशाच एका गाडीवाल्यावर चित्रपट काढला, नाव दिलं ‘सॉरी वी मिस्ड यू’, म्हणजे ह्या कार्डावरचंच वाक्य. त्यातल्या माणसाला पहिल्याच दिवशी मित्र एक रिकामी बाटली देतो, लघवीला थांबायला वेळ मिळायचा नाही म्हणून. घरपोच जेवण आणणाऱ्या सायकलस्वारांचा खटला 2023मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या जागी दुसऱ्या कुणालाही पाठवायची त्यांना मुभा आहे, तेव्हा युनियनमार्फत वाटाघाटींचा जो हक्क कामगारांना असतो तो ह्यांना नाही, असा निकाल लागला. म्हणजे ज्याच्यावर मी ओरडणार तो माणूसही कुणाचा म्हणून नाहीच. मी त्याला “पाणी हवं का?” विचारलं. तोवर तो गल्लीच्या टोकाला होता.

शेजारच्या आजीबाईंना हे सांगितलं. त्या अजून त्यांच्या पोलिश प्लंबरची आठवण काढतात, 2004 नंतर आलेला, सांगितल्या वेळी यायचा, जाताना फरशी पुसून जायचा. 2016च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर तो परत गेला. “तुम्ही मत कुणाला दिलं होतं?” मी विचारलं नाही. त्यांनी चहा ओतला.

तिसऱ्या गुरुवारी तंत्रज्ञ खरंच आला. चांगला माणूस, कडक चहा, दोन चमचे साखर. बॉयलरचं झाकण काढलं, ओठांचा चंबू केला आणि दातांतून लांबलचक श्वास आत ओढला. इथे सगळे कारागीर तो तसाच ओढतात, आणि श्वासाच्या लांबीवरून खर्चाचा अंदाज येतो.

“हे कुणी बसवून दिलं तुम्हाला?” तो म्हणाला. “अगदीच काउबॉय दिसतात.” काउबॉय म्हणजे इथे कच्चं काम करून जाणारा कारागीर.

मी कपाटातून पावती काढून दिली. त्याने ती दोनदा वाचली. वर त्याच्याच कंपनीचं नाव होतं.

“सॉरी,” तो म्हणाला.

एक सुटा भाग बदलावा लागेल, तो गाडीत नाही, कंपनी थेट माझ्या पत्त्यावर पाठवेल, भाग आला की फोन करून नवी तारीख घ्यायची, असं ठरलं. भाग सोमवारी निघाला. आठ ते सहाच्या दरम्यान. मी पुन्हा खुर्ची मांडली. साडेअकराला दाराच्या फटीतून कार्ड आत पडलं: पार्सल 27 नंबरच्या घरी दिलं आहे.

27 नंबरच्या मंडळींनी सही करून ते घेतलं, आत नेऊन ठेवलं आणि बाराच्या टॅक्सीने विमानतळावर गेली. पंधरा दिवस स्पेनमध्ये आहेत.