गेला कुठे?

एप्रिल लागला की पुण्यातल्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाचं तरी बोनेट उघडं असतं आणि त्यात एक पाठ वाकलेली असते. ती गाडीच्या मालकाची नसते. मालक ऑफिसला उशीर होतोय म्हणून किल्ली हातात घेऊन चुळबुळत शेजारी उभा असतो. पाठ एसीकाकांची.

एसीकाका मेकॅनिक नव्हेत. ते बँकेतून, पाटबंधाऱ्यातून, टेलिफोनमधून, कुठूनही निवृत्त झालेले असतात. स्वतःची पंधरा-सोळा वर्षांची गाडी असते आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी काकूंच्या स्वयंपाकघरातून कायमचा उचललेला थर्मामीटर. ‘कूलिंग जरा कमी झालंय’ एवढं तुम्ही लिफ्टमध्ये पुटपुटायचा अवकाश, तळमजला येईपर्यंत तुमचा रविवार गेलेला असतो.

तुम्ही भाबडेपणाने म्हणता, “गॅस संपला असेल. भरून घेतो.”

काकांचा चष्मा कपाळावर जातो. “संपला? तो काय स्वयंपाकाचा सिलिंडर आहे, पोळ्या करून संपायला? अरे, बंद नळ्यांतून तोच गॅस फिरतो. लहान गाडीत सगळा मिळून जेमतेम अर्धा किलो. कमी झाला म्हणजे गळाला. गेला कुठे, ते आधी शोध!”

मग तपासणी. “एसी लाव. ब्लोअर फुल.” काका कान टेकवतात. आतून ‘टक्’ होतं. “कॉम्प्रेसरचा क्लच लागतोय. वायरिंग वाचलं.” आता नळ्या. जाड नळी गार हवी, तिला घाम फुटलेला हवा. बारीक नळी तापलेली हवी. ती तापलेली असते हे काकांना पक्कं ठाऊक असतं, तरी ते बोट लावतात, चटका बसतो, बोट झटकत म्हणतात, “उत्तम!”

“बरं, एक्स्प्रेसवेला गार आणि वाकडच्या सिग्नलला गरम, असं होतं का?”

“हो ना!”

“मग गॅसला कशाला बदनाम करतोस? गाडी पळते तेव्हा कंडेन्सरला समोरून वारा मिळतो. सिग्नलला वारा कोण घालणार? पंखा. तो बघ, ढिम्म हलत नाहीये.” रेडिएटरपुढच्या कंडेन्सरवर धुळीचा आणि मेलेल्या किड्यांचा थर असतो, तो काका बागेच्या पाइपने हळूच धुतात. जोरात पाणी मारलं की पातळ पट्ट्या मुडपतात. वरून सेक्रेटरी टँकरचं बिल ओरडून सांगतात, ते काकांना ऐकू येत नाही.

मध्येच थोडा इतिहास. “आमच्या वेळचा आर-१२ काय गार करायचा! ओझोन खायचा, ते सोड. १९८७ला मॉन्ट्रियलचा करार झाला आणि पुढे तो गेला. आला आर-१३४ए.” करारावर आपली सही घ्यायची राहून गेली, असा काकांचा सूर.

खरं सांगायचं तर काका सहसा चुकत नाहीत. त्यांची गोम वेगळीच आहे. त्यांना गारवा नको असतो, कारण हवं असतं. एकदा त्यांनी एका गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समागून केबिन फिल्टर ओढून काढला, तर त्यात दोन पावसाळ्यांचा चिखल, पिंपळाची पानं आणि पारव्याचं पीस. नवा बसवला, जाळीतून आठ अंशांची हवा आली. मालक पायाच पडायच्या बेतात. काका मात्र हिरमुसले. “एवढंच होतं?”

त्यांच्या स्वतःच्या गाडीत गळती आहे ती इव्हॅपोरेटरला. काकांना जागासुद्धा माहीत आहे, पण तिथे पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि त्या योग्यतेचा माणूस पुण्यात सापडत नाही. एक जण अर्धा तास व्हॅक्यूम न करताच गॅस भरायला निघाला. दुसऱ्याने इंजिन बंद ठेवून गेजवर गॅस किती ते सांगितलं. “अरे, तेव्हा काटा फक्त हवा किती तापलीय ते सांगतो!” म्हणत काका परत आले.

त्यामुळे मे महिन्यातल्या लग्नाला काकू पैठणीत, काचा बंद आणि एसी नावापुरता.

“अहो, काच जरा खाली करू का?”

“चांदणी चौक येऊ दे. गॅस कमी असला की क्लच सारखा लागतो आणि सुटतो, ते मोजतोय. काच उघडलीस की टक् ऐकू येत नाही.”