दोन दिवसांत गुण आला? पुडी तपासा!

गुडघेदुखीच्या पुडीने दुसऱ्याच दिवशी गुण आला की घरात आनंद होतो. संशय तिथेच यायला हवा. जुनाट संधिवात चूर्णाने एका रात्रीत ओसरत नाही. प्रामाणिक वैद्य पथ्य सांगतो, महिना-दोन महिने धीर धरायला लावतो. रात्रीत सूज उतरवतं ते बहुधा स्टेरॉइड, आणि पुडीवर त्याचं नाव नसतं.

स्टेरॉइडची ही किमया पहिल्यांदा १९४८ साली दिसली. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच यांना केंडल आणि राइखश्टाइन यांच्यासह नोबेल मिळालं. पण त्या औषधाची दुसरी बाजूही लवकरच कळली. चेहरा गोल सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू वाढतो. म्हणून डॉक्टर ते मोजून देतात आणि बंद करायचं तर हळूहळू उतरवत नेतात. पुडीवाला काय मोजणार?

सगळ्यात वाईट घडतं पुडी संपल्यावर. बाहेरून आयतं स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं थांबवतात. मग एक दिवस पुडीवाला गाव बदलतो. रुग्णाला उलट्या होतात, ग्लानी येते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर विचारतात, "काही औषध चालू होतं का?" घरचे सांगतात, "नाही हो, फक्त आयुर्वेदिक." ते खोटं बोलत नसतात. त्यांनाच फसवलेलं असतं, आणि आयुर्वेदाचं नाव घेऊन फसवलेलं असतं. याची चीड सर्वांत आधी वैद्यांना यायला हवी.

ही लबाडी पकडता येते. चिमूटभर पूड मिथेनॉलमध्ये ढवळून गाळायची. सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर त्या द्रवाचा ठिपका द्यायचा, शेजारी डेक्सामेथासोन या शुद्ध स्टेरॉइडचा. पट्टीची खालची कड द्रावकात उभी केली की द्रावक वर चढतो आणि घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पट्टी हिरवट चमकते. दोन्ही ठिपक्यांतून त्याच उंचीवर काळा डाग उमटला, की पुढची पायरी मास स्पेक्ट्रोमीटरची. तिथे रेणूचं वस्तुमान आणि तो फोडल्यावर पडणारे तुकडे जुळले, की शंका उरत नाही. डेक्सामेथासोनच्या रेणूत फ्लोरिनचा अणू असतो, तो कारखान्यात बसवलेला. हा रेणू कोणत्याही झाडात तयार होत नाही. त्यामुळे "आमच्या मुळीतच असेल" ही सबब टिकत नाही.

भेसळ करणारेही शिकलेले असतात. 'मर्दानी ताकदी'च्या कॅप्सुलांत पूर्वी सरळ सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, सापडायचं. ते पकडलं जाऊ लागल्यावर रेणूतल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवून थायोसिल्डेनाफिल आलं. फक्त ठरलेल्या यादीतली औषधं शोधणाऱ्या तपासणीतून ते सहज निसटतं. असा रेणू माणसावर किती सुरक्षित, हे कुणी तपासलेलंही नसतं.

सिंगापूरने अशा भेसळीची किंमत मोजली. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत तिथल्या सरकारी रुग्णालयांत मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरल्याने दाखल झाले. त्यातले चौघे दगावले. शोध घेतला तर लैंगिक शक्तीच्या बेकायदा गोळ्या-कॅप्सुलांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध निघालं. अमेरिकेतही २००७ ते २०१६ या काळात तिथल्या औषध प्रशासनाने ७७६ पूरक आहारांत लपवलेली औषधं नोंदवली. वजन उतरवणाऱ्या उत्पादनांत मुख्यतः सिब्युट्रामिन होतं. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे ते अमेरिकी बाजारातून २०१० साली काढून घेतलं गेलं.

आणि आपला कायदा? २००८ च्या दुरुस्तीने जिवावर बेतणाऱ्या भेसळीच्या अ‍ॅलोपॅथिक औषधासाठी किमान दहा वर्षं ते जन्मठेप ठेवली. त्याच कायद्यात भेसळीच्या आयुर्वेदिक औषधासाठी कमाल एक वर्ष आणि बनावट औषधासाठी कमाल तीन वर्षं. स्टेरॉइड तेच, ग्रंथी तीच, मरणही तेच. शिक्षा मात्र लेबल बघून ठरते! हा भेद कायद्यातून गेलाच पाहिजे.

महाराष्ट्रात औषध आणि अन्न दोन्ही एकाच प्रशासनाकडे आहेत, म्हणजे चूर्णही त्यांचं आणि जिममधला प्रोटीनचा डबाही त्यांचाच. केंद्राची औषध नियंत्रण संस्था दर्जाला न उतरलेल्या औषधांची यादी दर महिन्याला जाहीर करते. तशीच यादी लपवलेल्या औषधांची निघावी, मराठीत, उत्पादनाच्या नावासह आणि बॅच क्रमांकासह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल अशी.

तोवर घरात अशी पुडी चालू असेल तर घाबरून एकदम बंद करू नका. आतल्या स्टेरॉइडची सवय लागली असेल तर तेच जिवावर बेतेल. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, किती दिवस आणि दिवसातून किती वेळा घेतली ते स्पष्ट सांगा. पुडी संपली असेल तर तिचा कागद सोबत न्या. त्याला चिकटलेली पूडही तपासणीला पुरू शकते.