भावी

आमच्या गटात एक गृहस्थ आहेत. त्यांचं खरं नाव आता घरच्यांखेरीज कोणी घेत नाही. 2022 साली वेशीजवळ त्यांचा पहिला फ्लेक्स लागला, 'भावी जिल्हा परिषद सदस्य', तेव्हापासून गाव त्यांना 'भावी' म्हणतं. हॉटेलवाला पोरगाही "भावी आले, एक स्पेशल" अशी आरोळी ठोकतो. त्याच वर्षी मार्चमध्ये नगरच्या जिल्हा परिषदेची मुदत संपली. सदस्य माजी झाले, मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले आणि निवडणूक ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात अडकली. आमच्या भावींच्या चार दिवाळ्या भावीपणातच गेल्या. निवडून आलेल्याला पाच वर्षांनी तरी घरी जावं लागतं. भावीला तेही बंधन नाही.

परवा सकाळी दारात गाडी थांबली.

"सर, कार्यअहवाल काढायचाय. आर्ट पेपरवर, रंगीत. परिचय तेवढा तुम्ही लिहा. तुम्हाला काय अवघड हाय?"

मी वही उघडली. शिक्षण? "बीए लिहा. दुसरं वर्ष लिहू नका." व्यवसाय? "शेती." त्यांच्या अंगणात दोन हायवा आणि एक जेसीबी उभा असतो, ती शेतीचीच अवजारं असणार. राजकीय वारसा? आजोबा सोसायटीचे संचालक, आणि चुलते साखर कारखान्याच्या निवडणुकीत अर्ज भरून सन्मानाने माघार घेतलेले. पक्ष? इथे भावी जरा थांबले. "ती ओळ छापायच्या आदल्या रात्री फोनवर सांगतो." यात त्यांचा काय दोष? ज्या राज्यात राष्ट्रवादी दोन आणि शिवसेनाही दोन, तिथे माणसाने फ्लेक्सवर किती फोटो लावायचे, आणि गोल कुणाचा करायचा?

"आता सार्वजनिक सेवा सांगा," मी म्हणालो.

भावींनी खिशातून डायरी काढली. तीत तालुक्यातले सगळे दशक्रिया विधी तारीखवार लिहिलेले. भावी कावळा शिवायच्या आधी हजर असतात. एका गावी कावळा काही केल्या शिवेना. मुलाने सांगून पाहिलं, जावयाने सांगून पाहिलं. शेवटी भावी पुढे झाले, पिंडासमोर हात जोडले आणि म्हणाले, "तात्या, तुमच्या वस्तीचा रस्ता मी करून देतो." कावळा लगेच शिवला. रस्ता अजून व्हायचाय. पण तात्यांनी विश्वास ठेवला, कारण त्यांना आता त्या रस्त्याने जायचं नव्हतं.

पुढची पानं नेत्रतपासणी शिबिर, खेळ पैठणीचा, सप्त्याची पंगत आणि वाढदिवस अशी. वाढदिवस जास्त.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर अहिल्यादेवी हव्यात, असं भावींचं म्हणणं. साहजिक आहे. 31 मे 2023 रोजी चौंडीत नामांतराची घोषणा झाली आणि पुढच्या वर्षी जिल्हा कागदोपत्रीही अहिल्यानगर झाला. आता प्रत्येक फ्लेक्सवर एका कोपऱ्यात त्या आणि मधोमध भावी. माझ्या मनात मात्र एक कुशंका येते. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ही मुलगी जवळजवळ तीन दशकं माळव्याचा कारभार बघत होती. देशभर तिने घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्यांचा खर्च मुख्यतः खासगीतून, म्हणजे होळकर घराण्याच्या स्वतःच्या मिळकतीतून केला. जिल्ह्याला उत्तम प्रशासकाचं नाव दिलं, तेव्हा सरकारने बहुधा तेवढाच अर्थ घेतला आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक कायम ठेवला. 6 मे 2025 ला तर गंमतच झाली. त्रिशताब्दीनिमित्त अख्खं मंत्रिमंडळ चौंडीत बैठकीला बसलं होतं, आणि त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालय सांगत होतं की स्थानिक संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या. चौंडीत मंडप मोठा होता. तिथवर आवाज पोहोचला नसेल.

"खासगीतून म्हणजे?" भावींनी विचारलं. मी समजावलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते मुखपृष्ठावर नको, आत टाका. बारीक टायपात."

अभ्यास दौरा म्हणून हिवरे बाजारचा फोटोही आहे. कमानीपुढे भावी, सोबत सतरा कार्यकर्ते. पोपटराव पवारांचा परिचय तसा दोन ओळींचा. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा मुलगा 1989 साली गावाच्या आग्रहाने सरपंच झाला. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. उसाला नाही म्हटलं, शेतीसाठी बोअर नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावापुढे. 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्याच यादीत अकोल्याच्या (हा आमचा अकोले तालुका, विदर्भातलं नव्हे) बीजमाता राहीबाई पोपेरे होत्या आणि श्रीरामपूरचा झहीर खानही होता. एकाने गावासाठी क्रिकेट सोडलं, दुसऱ्याने क्रिकेटसाठी गाव.

"काय आवडलं हिवरे बाजारात?"

"सर, खरं सांगू? डोंगर हिरवागार, गाव चकाचक. पण पद्धत चुकीची हाय. दारू बंद, बोअर बंद, ऊस बंद. मतदाराला नाय म्हणायचं आणि वर निवडून यायचं, हे आपल्या गटात चालणार नाय." 2021 ला तिथे तीसेक वर्षांनी पहिल्यांदा मतदान झालं आणि सातही जागा पवारांच्या पॅनेलला मिळाल्या, हे सांगितल्यावर भावींनी फक्त एवढंच विचारलं, "जेवणावळी किती झाल्या?"

मग मी शाळेचा विषय काढला. ऑगस्ट 2017 मध्ये नगर तालुक्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून मुलं गेली. 'निर्लेखन' हा कचेरीतला शब्द, म्हणजे धोकादायक खोली पाडायची परवानगी, तेव्हापासून आईबापांच्याही तोंडी आला. पूर्वी सर्वसाधारण सभेत एखादा सदस्य निदान उभा राहून विचारायचा, माझ्या गटातल्या खोल्यांचं निर्लेखन कधी, नव्या कधी. उत्तर मिळायचंच असं नाही, पण प्रश्न इतिवृत्तात जायचा. आता सभाच नाही. आपल्या वस्तीवरच्या शाळेत पावसाळाभर गळतंय, तुम्हाला ठाऊक आहे ना?

"गळतंय?" भावी उठलेच. "चला, दाखवतो."

गाडीतून गेलो. खरंच गळत नव्हतं. फुटलेल्या पत्र्यांवर 2022 चा तो पहिला फ्लेक्स ताणून बसवला होता, कडेने विटा ठेवून, छापील बाजू खाली. वर्गात दुसरीची मुलं पाढे म्हणत होती आणि त्यांच्या डोक्यावर, हात जोडून, पांढऱ्या शर्टात, भावी हसत होते.

"लिहा की," ते मला म्हणाले. "शाळेला छत दिलं."