दहा घोडे, एक बुडी

दशाश्वमेध घाटाची कथा मला फार आवडते, कारण तिच्यात सगळे कष्ट दुसऱ्याने उपसलेले आहेत. राजा दिवोदासाचा काशीतला कारभार इतका चोख की खुद्द शंकराला मंदराचलावर जाऊन राहावं लागलं. राजाचं कुठेतरी चुकावं म्हणून ब्रह्मदेव म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या वेषात आले आणि म्हणाले, दहा अश्वमेध करायचेत, सामग्री दे. अश्वमेध म्हणजे काही सत्यनारायण नव्हे. घोडा वर्षभर मोकाट हिंडणार, मागे सैन्य, वर तूप, समिधा, भांडीकुंडी. एवढ्या यादीतलं काहीतरी राहीलच, असा देवाचा हिशेब. (आमच्या सत्यनारायणाला कापूर हमखास राहतो.) दिवोदासाचं काही म्हणता काही राहिलं नाही. ब्रह्मदेव ओशाळून काशीतच मुक्कामाला राहिले.

आणि फळ कुणाला? मला! इथे एक बुडी मारली की दहा अश्वमेधांचं पुण्य. बुडी मारायला पायऱ्याही आयत्या. १७४८च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी घाट बांधला, पुढे अहिल्याबाईंनी तो वाढवला. आपण फक्त नाक धरायचं.

आदल्या संध्याकाळी आरतीला पहिली रांग मिळाली होती. समोरचा विशीतला पोरगा डाव्या हाताने घंटा वाजवत होता आणि उजव्या हातात ज्योतींची चळत लावलेली पितळी आरती चारी दिशांना ओवाळत होता. दंडाची शीर टरारून फुगलेली, कपाळावरचा घाम भुवईत अडकलेला. पण घंटेचा ठेका चुकेल तर शपथ. माझा हात मोबाइल धरून दहा मिनिटांत भरून आला.

वरसईचे गोडसे भटजी तर १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाले, बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले. तरी गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी कोकणात परतले आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. आम्ही विमानाने आलो आणि रिक्षा गोदौलियाला थांबली म्हणून कुरकुरलो.

सकाळी, जानेवारीच्या त्या गारठ्यात, मी एक बुडी मारून दात वाजवत वर आलो.

“अहो, झालं एवढ्यात? चिन्मयच्या नावाने मारा. तो बिचारा शिकागोत.”

मारली.

“सूनबाईच्या नावाने. आणि ठाण्याच्या मावशींना गुडघ्यांमुळे येता आलं नाही.”

हिचं स्वतःचं स्नान पायरीवर बसून तांब्याने चाललं होतं. कुलवृत्तांत काढल्यासारखी नावं येत गेली. सासरची संपली, माहेरची सुरू झाली. पाय बधिर, ओठ निळे. शेजारचे पंडाजी कौतुकाने बघत होते. इतकं निष्ठावान गिऱ्हाईक त्यांनाही रोज मिळत नसावं.

“आता माझ्या भावाच्या नावाने.”

माझ्याकडून दोनदा पैसे उसने नेऊन परत न देणारा मेव्हणा! मी सरळ काठावर चढलो, पंचा गुंडाळला आणि म्हणालो, “त्याचे दहाही घोडे त्याने स्वतः येऊन पकडावेत.”

“बरं,” ही शांतपणे म्हणाली, “मग हा कॅन तरी भरून घ्या. त्याच्याचकडे द्यायचाय.”