सिमेंटचा एकोपा

सख्ख्या भावांचं घराच्या वाटणीवर एकमत होत नाही. सिमेंट कंपन्यांचं मात्र दरावर झालं, असा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१२मध्ये काढला. अकरा कंपन्या आणि त्यांची संघटना यांना सुमारे ६,३०० कोटींचा दंड झाला. संघटनेच्या बैठकांत दरांची माहिती फिरते आणि क्षमता असूनही उत्पादन हात राखून होतं, हा ठपका. कंपन्यांनी तो अर्थातच नाकारला. त्यातही एकमत!

पुढे २०१५मध्ये अपील न्यायाधिकरणाने आदेश रद्द केला. कारणाचा सिमेंटशी काही संबंध नव्हता. आदेशावर सही करणारे अध्यक्ष तोंडी युक्तिवादाला हजरच नव्हते.

आयोगाने सगळं पुन्हा ऐकलं आणि २०१६मध्ये पुन्हा दंड ठोठावला, या खेपेस सुमारे ६,७०० कोटी. दरम्यान ते न्यायाधिकरणच दुसऱ्यात विलीन झालं. त्या नव्या न्यायाधिकरणाने २०१८मध्ये दंड कायम केला, तेव्हा कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथे तूर्त दहा टक्के भरण्यावर भागलं.

आणि दंडाचा हिशेब? कायद्यात नफ्याच्या तिपटीपर्यंत मुभा होती. आयोगाने २०१२मध्ये दोन वर्षांच्या नफ्याचा निम्मा भाग मागितला. उरलेला निम्मा कंपन्यांचाच.