एप्रिलराव

टोकियोच्या पूर्वेला, सुमिदा नदीपलीकडच्या कोतो वॉर्डात चार मराठी माणसं जमली की त्यांत एक एप्रिलराव निघतोच. वय चाळिशीच्या अलीकडेपलीकडे, घर ओजिमाला नाहीतर तोयोचोला, ऑफिस ओतेमाचीला, हुद्दा व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळी खाणारा. पुढच्या एप्रिलपर्यंत नोकरी सोडायची आणि स्वतःचं काहीतरी सुरू करायचं, हे त्यांचं पक्कं ठरलेलं असतं. ‘काहीतरी’ म्हणजे काय, ते मात्र दर गणपतीला बदलतं. आधी वडापावचं दुकान होतं, मग हापूसची आयात आली. जपानने हापूसवरची बंदी 2006 साली उठवली, फळमाशी मारायला आंब्याला गरम वाफ द्यावी लागते, ही सगळी माहिती एप्रिलरावांना तोंडपाठ. सध्या एआय चालू आहे. लोक मागून त्यांना बोलबच्चन म्हणतात, पण मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. राजीनाम्याची योजना हेच त्यांच्या नोकरीचं इंधन आहे. ती नसती तर नोकरी कधीच सुटली असती.

पुरावा मेट्रोच्या तोझाई लाईनवर मिळतो. किबा ते मोन्झेन-नाकाचो हा तिचा टप्पा कोतोतच येतो, आणि 2019 साली सकाळच्या ऐन गर्दीत तिथल्या गाड्या क्षमतेच्या 199 टक्के भरत होत्या. अनोळखी माणसाची बॅग बरगडीला टोचत असताना रोज ताठ उभं राहायचं तर माणसाला कशाचा तरी टेकू लागतो. एप्रिलराव कसाबसा एक हात मोकळा करतात, मोबाईलवर ‘भांडवल फायनल 7’ नावाची एक्सेल शीट उघडतात, अंगठ्याने दुकानाचं भाडं थोडं कमी करतात, तिसऱ्या वर्षीचा नफा दुसऱ्या वर्षात ओढतात आणि ओतेमाचीला प्रसन्न चेहऱ्याने उतरतात. मीटिंगमध्ये साहेबांनी कितीही सुनावलं तरी ते कमरेत वाकून ऐकून घेतात, कारण मनाने ते या कंपनीत पाहुणे असतात. एखाद्या हितचिंतकाने ती शीट डिलीट केली, तर हा गृहस्थ महिन्याभरात खरोखरच राजीनामा देईल.

यावर कोणी म्हणेल, हा सरळसरळ भित्रेपणा आहे, त्याला तत्त्वज्ञान कशाला चिकटवता? पण जपानी वर्षाची रचनाच बघा. जूनच्या आधी सोडावं तर उन्हाळी बोनस बुडतो. बोनस घेऊन सोडावं म्हटलं, तर त्याच जूनमध्ये स्थानिक रहिवासी कराचा आकडा येतो, तोही गेल्या वर्षीच्या पगारावर बेतलेला. म्हणजे पगार बंद, पण त्याची सावली वर्षभर वसुलीला दारात. पुढे डिसेंबरचा बोनस खुणावतो. तो हाती पडतो न पडतो तोच एप्रिल येतो, आणि कोतोतल्या इंडिया इंटरनॅशनल स्कूलमध्ये मुलांचं नवं वर्ष सुरू होतं, फीसकट. या चक्रात राजीनाम्याला मोकळा असा आठवडाच सापडत नाही. एप्रिलरावांनी तो मनापासून शोधलेला आहे. हिशेब कळणाऱ्या माणसाला भित्रा म्हणायचं, तर सगळे चार्टर्ड अकाउंटंट पळपुटे ठरतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सोडणारे सोडतातच की! मोन्झेन-नाकाचोला तोमिओका हाचिमान देवळात इनो तादाताका यांचा पुतळा आहे. हे गृहस्थ पन्नाशीत साके गाळण्याचा घरचा धंदा सोडून 1795 साली एदोला, म्हणजे तेव्हाच्या टोकियोला आले, कोतोतल्याच फुकागावाला राहून खगोलशास्त्र शिकले आणि 1800 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, जपान मोजायला पायी निघाले. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बढती नाकारली गेल्यावर मुंबईच्या व्हीजेटीआयमधली शिक्षकाची नोकरी सोडली. एप्रिलराव ही दोन्ही नावं छाती फुगवून घेतात, आणि तिथेच गफलत होते. इनोंनी आधी धंदा वाढवला, मुलाच्या हाती दिला आणि मग घर सोडलं. लक्ष्मणराव नोकरीत असतानाच बेळगावात सायकलचं दुकान चालू होतं. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि भाऊ रामूअण्णा तिथे विकायचे. दोघांनीही उडी मारली नाही, आधी पलीकडच्या काठावर बिऱ्हाड थाटलं. एप्रिलरावांकडे उडीचं भाषण तयार आहे, पण पलीकडे अजून चटईसुद्धा अंथरलेली नाही. विकायचं काय, याचा पत्ता नसताना भाड्याचा आकडा मात्र येनपर्यंत तंतोतंत काढून ठेवलेला आहे. ते भित्रे नसतील, पण दुकानदारही नाहीत, एवढं मात्र मला कबूल करावं लागेल.

राहता राहिला व्हिसा. नोकरीच्या व्हिसावर स्वतःची कंपनी चालवता येत नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठीच्या वेगळ्या व्हिसाला पूर्वी साधारण 50 लाख येन भांडवल पुरत असे. 16 ऑक्टोबर 2025 पासून ती रक्कम 3 कोटी झाली, शिवाय किमान एक पूर्णवेळ नोकर ठेवण्याची आणि जपानी भाषेचीही अट आली. त्या आठवड्यात एप्रिलरावांचा आवाज खोल गेला होता. “बघा, ऐन वेळी सरकारनेच पाय ओढला!” असं ते भेटेल त्याला सांगत होते, आणि माणसं हळहळत होती. एप्रिलरावांना जपानचं कायम वास्तव्य कधीच मिळालेलं आहे, आणि ते मिळालेल्या माणसाला यातली एकही अट लागू होत नाही. पण हे निदर्शनास आणून देण्याइतका क्रूर माणूस अख्ख्या कोतोत निघाला नाही.